कोरा समास

जयवंत मेस्त्रीचा स्वभाव डिलाईल रोडच्या त्या चाळीत सगळ्यांना तोंडपाठ होता. माणूस उमदा, कुणाच्याही अडीअडचणीला सर्वांत आधी धावणारा. पण नाटकाच्या तालमीला बसला की त्याच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजायची नाही. छापखान्यातली नोकरी संपून आठ वर्षं झाली तरी चाळीच्या नाटक मंडळाचा दिग्दर्शक तोच आणि मुख्य नटही तोच. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मंडळ दरवर्षी उतरायचं, आणि दरवर्षी प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत चुकांची चौकशी बसायची. नियम जयवंतनेच घातलेला होता. ज्याच्या हातून नाटकाचं पान उडालं, त्याने वर्षभर रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. मग तो कुणीही असो.

त्याची बायको कमल गेली तीस वर्षं विंगेत संहिता घेऊन बसत होती. नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, आणि चुकला की त्या वाक्याशेजारच्या समासात तांबड्या पेन्सिलीने त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं, हे तिचं काम. प्रयोग संपला की वही मंडळाच्या खोलीतल्या ट्रंकेत जायची. अशा तीस वह्या ट्रंकेत होत्या.

यंदा जयवंतने जुन्या ग्रीक शोकांतिकांच्या धर्तीवर स्वतःच नाटक लिहिलं होतं. नगराचा पवित्र अग्नी विझतो. ज्याच्यामुळे तो विझला त्याला मी नगराबाहेर काढीन, अशी राजा भर चौकात शपथ घेतो, आणि शोध घेता घेता माग त्याच्याच दाराशी येऊन थांबतो. पहिल्या वाचनाला त्याने सगळ्यांना बजावलं होतं, "हा राजा वाईट नाही रे. चांगला आहे, म्हणून तर आपल्याला लागतं. नशीब फक्त खड्डा खणतं. चालत हाच जातो, मान ताठ ठेवून."

"पण सगळे त्याला सांगतायत ना, बस कर म्हणून," सूत्रधाराचं काम करणारी अनुजा म्हणाली. "मग हा थांबत का नाही?"

"थांबला तर राजा कसला?"

कमल तेव्हा कोपऱ्यात वहीला पुठ्ठा घालत होती. तिने मान वर केली नाही.

प्राथमिक फेरीचा प्रयोग रंगला. अंतिम फेरीत निवडही झाली. फक्त दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या पुजाऱ्याची साक्ष, अख्खं एक पान, कुठल्या कुठे उडून गेली. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही, पण जयवंतच्या डोक्यात ते पान ठणकत होतं. रविवारी सकाळी दहाला तो खोलीत आला तोच तापलेला.

"विनीत, तू आधी का आलास?"

विनीत दूताचं काम करायचा. बँकेतली नोकरी सांभाळून तालमीला धावत येणारा पोरगा. तो गोंधळला. "काका, मला वाटलं तुमचं वाक्य झालं."

"वाटलं? नाटक वाटण्यावर चालतं? कमल, वही दे. समासात काय लिहिलंयस ते सगळ्यांना ऐकू दे."

"जाऊ दे ना," कमल म्हणाली. "निवड झाली. पोरगा बिचारा."

"माका शिकवू नको. वही दे."

चिडला की तो मालवणीवर यायचा. कमलने वही दिली. जयवंतने पान काढलं आणि चष्मा सरसावला. समास कोरा होता.

"तू लिहिलं नाहीस."

"लक्ष नव्हतं."

"तीस वर्षांत तुझं लक्ष नाही असं कधी झालं?"

"अहो, पुरे आता. तुमच्या पाया पडते. इथेच थांबा."

कमलला वाटत होतं, चिडावं याने, ओरडावं, वही भिरकावून निघून जावं. उद्या सगळे विसरतील आणि अंतिम फेरीला हाच राजा म्हणून उभा राहील. पण तो ओरडला नाही. त्याने पान पुन्हा वाचलं, स्वतःचं वाक्य ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. 'बोल, कोण तो?' राजाचं हे वाक्य एकतिसाव्या पानावर होतं आणि तेहतिसाव्या पानावरही होतं.

"एकतिसाव्यावरून मीच सरळ तेहतिसाव्यावर गेलो," तो म्हणाला. "विनीत बरोबर आला. त्याने सावरलं मला." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "कमल, शामरावच्या नाटकाची वही काढ."

बारा वर्षांपूर्वी मंडळातला सगळ्यांत ताकदीचा नट होता शामराव. समोरच्याच चाळीत राहणारा, जयवंतचा लहानपणापासूनचा मित्र. एका प्रयोगात पान उडालं आणि जयवंतने भर चौकशीत त्याला वर्षभरासाठी बाहेर काढलं. वही मागितलीच नव्हती, कारण आपल्या कानावर त्याचा भरवसा होता. शामराव एक अक्षर बोलला नाही आणि वर्ष संपल्यावर परत आलाही नाही. लोकांनी त्याचे हवे ते अर्थ काढले.

कमलने ट्रंक उघडली. ती वही तिला अंधारातही सापडली असती. त्या पानाचा समासही कोराच होता.

"तेव्हाही चूक तुमचीच होती, पण तुम्ही निकाल बोलून बसला होतात," ती म्हणाली. "तुमची मान खाली जाईल, ते मला बघवलं नसतं." आणि तिला रडू फुटलं. नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून बारा वर्षं जपलेली गोष्ट आज त्याच्याच हातात होती, आणि ती तिनेच दिली होती.

जयवंतने वही मिटली. "विनीत, माफ कर. वर्षभर मी रंगमंचावर पाय ठेवणार नाही. कमल, तुझंही चुकलं. वही तू धरायची नाहीस." सगळे एकदम बोलायला लागले, अनुजा तर हात जोडून उभी राहिली. त्याने कुणाचं ऐकलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कमल या माणसाच्या हट्टाला शेकडो वेळा वैतागली होती. त्या सकाळी मात्र तिला त्याचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज.

दुपारी दोघं बसने शीवला गेली. शामराव आता तिथे मुलाकडे राहत होता. दार त्यानेच उघडलं.

"जयभीम, शामराव."

"जयभीम. ये."

जयवंत बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. शामरावची बायको चंपा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली.

"मला माहीत होतं रे," शामराव म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू डायरेक्ट निकाल सांगितलास."

"बारा वर्षं लोक विचारत होते, तुमच्यात काय झालं म्हणून," चंपा म्हणाली. "हे गप्प. मग मी पण गप्प." तिने तांब्या कमलच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघितलं नाही. ते कमलला लागलं, लागायलाच हवं होतं.

जयवंतने पिशवीतून संहिता काढली. "राजा तू कर. तीन आठवडे आहेत. मी वही धरतो."

"आणि तू रोल सोडणार? अंतिम फेरीला? येडा आहेस का?"

"नियम आहे."

शामराव हसला. "अजून सुधारला नाहीस. दे इकडे."

अंतिम फेरीला परळच्या नाट्यगृहात कमल तीस वर्षांत पहिल्यांदा प्रेक्षकांत बसली, पुढच्या रांगेत, अगदी कडेला. शेजारी चंपा. तिने पर्समधून लिमलेटची गोळी काढून न बोलता कमलच्या हातावर ठेवली. शामराव राजा म्हणून उभा राहिला आणि नाट्यगृह गप्प झालं. एकही शब्द त्याला पुरवावा लागला नाही. तरी कमलचं लक्ष पुनःपुन्हा उजव्या विंगेकडे जात होतं. पडद्याच्या फटीतून वहीचा एक कोपरा आणि जयवंतचा गुडघा तेवढा दिसत होता.

शेवटचा प्रसंग आला. स्वतःच्याच शपथेने नगराबाहेर निघालेल्या राजाने डावीकडून जायचं होतं. तालमीत पन्नास वेळा तो डावीकडूनच गेला होता. शामराव दोन पावलं तिकडे चालला, थांबला, वळला आणि सरळ उजवीकडे गेला. विंगेचा पडदा सारून त्याने जयवंतच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग वहीचा तो कोपरा दिसेनासा झाला.

टाळ्या थांबेनात. चंपा डोळे पुसत होती. कमलला रडू आवरत नव्हतं आणि हसूही येत होतं, कारण उद्या सकाळी दहाला या चुकीची चौकशी बसणार आणि जयवंत ती सोडणार नाही, याची तिला पक्की खात्री होती. फक्त या वेळी तो आधी विचारील.