दोन खिशांतल्या गोळ्या

पहिली गोळी सुटली आणि पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन जागच्या जागी फुटला. पाणी पुरुषभर उंच उडालं, पुढच्या रांगेतले लोक भिजले, आणि सुरक्षा एजन्सीच्या सराव मैदानावर जमलेले शंभरेक पहारेकरी, त्यांच्या बायका, आया, सगळ्यांच्या तोंडून एकदमच "बाप रे!" निघालं. मग दुसरी गोळी सुटली. शेजारच्या कॅनच्या गळ्यात काळा दोरा होता. त्याला पुढून एक भोक पडलं, मागून एक पडलं आणि दोन्हीकडून पाण्याची बारीक धार लागली. कॅन तसाच उभा राहिला.

"बघितलंत?" दोरेबाबांनी हात वर केले. "पिस्तूल तेच, नेम धरणारा तोच! बिनदोऱ्याचं अंग फुटलं. दोऱ्याच्या अंगातून गोळी गेली, पण वाट विचारून गेली. म्हणाली, 'जाऊ का?' दोरा म्हणाला, 'जा बाई, पण कडेकडेने जा. आतलं सामान हलवू नकोस.'"

लोक हसले. हसता हसता काहींनी हातही जोडले. बाबांना माणूस हसवून गुंडाळायची कला चांगली साधली होती.

तिसऱ्या रांगेत सिस्टर बसली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत ती पंधरा वर्षं काम करत होती. तिच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला धाकटा दीर. दीर पैसे नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी होता. तिचा नवराही त्याच कामावर होता. दोन वर्षांपूर्वी गाडीवर हल्ला झाला, त्यात तो गेला. तेव्हापासून सिस्टरला फारसं काही वाटेनासं झालं होतं. ती कामावर जायची, घरी यायची, जेवायची, झोपायची. कॅन फुटल्यावर बाकीचे दचकले, ती दचकलीसुद्धा नाही.

एजन्सीत दोऱ्याचं हे खूळ सुरू झालं ते पैलवानामुळे. पैलवान म्हणजे त्याच गाडीवरचा आडदांड पहारेकरी. दोन महिन्यांपूर्वी त्याला कुशीत गोळी लागली, आरपार गेली, आणि पठ्ठ्या आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आला. त्याच्या मनगटाला बाबांचा दोरा होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण फांदी कावळ्याने तोडली, असं सांगणारा भेटला की लोकांना बरंच वाटतं. महिन्याभरात निम्म्या एजन्सीच्या मनगटांना दोरे आले.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांनी नियम काढला: दोऱ्यावर बुलेटप्रूफ जॅकेट चालत नाही, दोऱ्याला अंग मोकळं लागतं. जॅकेट जड, उन्हाळ्यात आतून घामाची आंघोळ. पहारेकऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं. जॅकेटं लॉकरमध्ये गेली आणि मॅनेजरनेही तिकडे कानाडोळा केला. सोमवारपासून धाकटा दीरही नुसत्या शर्टावर गाडीत बसत होता.

आणखी एक गोष्ट होती. हे खूळ पसरण्याच्या कितीतरी आधी सासूबाईंनी थोरल्या मुलासाठीही बाबांचा दोरा आणला होता. तो हसला होता आणि त्याने दोरा कपाटात टाकून दिला होता. तो गेल्यावर सासूबाई बाबांकडे गेल्या, तर बाबा डोळे मिटून म्हणाले, "आई, गोळीने नाही, नकाराने मेला तो." तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या एकच वाक्य बोलायच्या: "एवढं एक ऐकलं असतं माझं!" सिस्टर ते ऐकायची आणि भाजी चिरत राहायची.

आता मात्र तिची नजर बाबांच्या साहाय्यकावर खिळली होती. हा टकल्या पूर्वी कुठल्याशा नेमबाजीच्या मैदानावर नोकरीला होता. सकाळपासून त्याने कॅनच्या तीन जोड्या उडवल्या होत्या. दर वेळी तो एकच गोळी पिस्तुलात भरायचा, झाडायचा, मग दुसरी भरायचा. सिस्टरचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे हात बघण्यात गेलं होतं. कुठलं हत्यार कुठल्या हाताने उचललं, कुठे ठेवलं, रक्त टिपायचे किती बोळे आत गेले, किती बाहेर आले, हे मोजल्याशिवाय तिच्या खोलीत पोट शिवत नाहीत. त्या सवयीनेच तिने मोजलं. बिनदोऱ्याचा कॅन, उजवा खिसा. दोऱ्याचा कॅन, डावा खिसा. तीनदा तसंच.

ती उठली.

"बसा वहिनी," दीर कुजबुजला. "सगळे बघताहेत."

"बघू देत, भाऊजी." ती पुढे गेली. "बाबा, एक विनंती आहे. आता दोरा बांधलेल्या कॅनवर उजव्या खिशातली गोळी झाडा. आणि बिनदोऱ्याच्या कॅनवर डाव्या खिशातली."

टकल्याचा हात खिशावर गेला. बाबा गोड हसले. "ताई, दोऱ्याची परीक्षा घेतली की दोरा रुसतो."

"मग सकाळपासून तीनदा काय घेतलीत?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"आज वारा फार आहे," बाबा म्हणाले. "आणि तुमच्या मनात शंका आहे. शंकेच्या सावलीत दोरा काम करत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशातली गत झाली. ते सगळ्यांत आधी लक्षात आलं पैलवानाच्या. तो जागेवरून उठला, त्याने टकल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खिसे रिकामे कर, दोस्त." पैलवानाने खांद्यावर हात ठेवला की खिसे रिकामे होतात.

टेबलावर गोळ्यांचे दोन ढीग झाले. लांबी तीच, जाडी तीच. डाव्या खिशातल्या गोळ्यांचं टोक गुळगुळीत आणि बंद होतं. उजव्या खिशातल्यांच्या टोकाला खळगा होता.

मॅनेजरने दोन नवे कॅन भरून ठेवले. दोरा बाबांच्याच हाताने बांधून घेतला. पिस्तूल धाकट्या दिराने घेतलं. उजवीकडची गोळी भरून त्याने दोऱ्याच्या कॅनवर झाडली. कॅन फुटला, आणि दोरा प्लॅस्टिकच्या तुकड्यासकट चिखलात जाऊन पडला. मग डावीकडची, बिनदोऱ्याच्या कॅनवर. दोन भोकं, दोन धारा. कॅन उभाच.

बाबा आपल्या गाडीच्या दिशेने चालू लागले होते, आणि मॅनेजरने फाटक लावून घेतलं होतं.

"यात जादू नाही," सिस्टर म्हणाली. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांना सांगायची, त्याच सपाट आवाजात. "बंद टोकाची गोळी सुईसारखी आरपार जाते. खळगा असलेली ओल्यात शिरली की तिचं टोक फाकतं, ती रुंद होते आणि बराचसा जोर आतच सोडते. म्हणून कॅन फुटतो. माणूस असा फुटत नाही, पण आतली जखम मोठी होते."

"म्हणजे मला बंद टोकाची लागली होती?" पैलवानाने विचारलं.

"हो. तुमच्या शस्त्रक्रियेला मीच उभी होते. कुशीतल्या चरबीतून आणि स्नायूतून गेली. मूत्रपिंड चार बोटं लांब राहिलं. पण बंद टोकाची गोळी बरी, असं समजू नका. तीच छातीत लागली असती तर तुम्ही गेला असतात, वर मागे उभा असलेलाही गेला असता. गोळी कुठली हे नंतर. लागली कुठे, हे आधी. आणि ते कुठलाच दोरा ठरवत नाही."

तिला वाटलं, आता आवाज कापेल. कापला नाही.

"माझ्या नवऱ्याला दुसरी लागली होती. यकृतात. मी शेजारच्याच खोलीत कामावर होते. नंतर मला ताटलीत ती गोळी दाखवली. टोक असंच फाकलेलं होतं." तिने चिखलातून, फुटक्या कॅनच्या तळातून ती चपटी झालेली गोळी उचलून टेबलावर ठेवली. "अंगावर जॅकेट असतं, तर ती तिथेच चपटी होऊन अडकली असती. तुमची जॅकेटं पिस्तुलाच्या या दोन्ही गोळ्या अडवतात. त्यांच्यावर तसं लिहिलेलं आहे. ज्याने लिहिलंय त्याने आधी गोळ्या झाडून बघितल्यात, आणि खिसे न बदलता बघितल्यात. बाबा असो, डॉक्टर असो, मी असो, कोणी काही सांगितलं तर एवढंच म्हणा: उलट करून दाखव. खरं असेल तर उलट करूनही टिकेल."

ती जागेवर येऊन बसली. सासूबाई टेबलावरच्या गोळीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याने माझा दोरा बांधला असता तरी..."

"तरी गेले असते, आई. ते नकाराने गेले नाहीत. त्या दिवशी उकडत होतं, म्हणून जॅकेट घातलं नव्हतं. तेवढंच."

सासूबाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग वाकडा झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पोराला दोष न देता रडल्या. सिस्टरने त्यांचा हात धरून ठेवला. तिला स्वतःला रडू आलं नाही, पण म्हातारीचा हात गरम आहे, हे जाणवलं.

पदराने डोळे पुसून सासूबाईंनी धाकट्याला जवळ बोलावलं.

"जॅकेट कुठाय तुझं?"

"लॉकरमध्ये."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? जा, घालून ये. आणि पट्टे आवळलेले मला दाखव."