आमच्या ह्यांची हार्ड डिस्क

माझ्याशी लग्न करायचं ठरवायला ह्यांना दोन भेटी पुरल्या. घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ठरवायला मात्र महिना उलटला तरी घोडं अडलेलंच.

जुनी डिस्क टकटक वाजायला लागली होती. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "नवी घ्या, निघेल तेवढं तिच्यात काढून देते. पण लवकर या, हिचा काही भरवसा नाही." आणि त्या डिस्कमध्ये माझ्या सासूबाईंचा आवाज होता. मुलं लहान असताना त्यांनी माइकसमोर बसून सांगितलेल्या चाळीस गोष्टी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. आता आवाज होता तो तेवढाच.

तरी हे आपले कागदावर रकाने आखताहेत. फिरणारी डिस्क बरी की न फिरणारी? हमी तीन वर्षांची की पाच? रविवारी माझा पारा चढला.

"अहो, विमान घ्यायचंय का आपल्याला?"

हे कागदाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "नवी आणली की जुनीतलं काढायला घ्यावं लागेल. काहीच निघालं नाही तर? आत्ता निदान आई आत आहे असं म्हणता तरी येतं."

माझी मलाच लाज वाटली. महिनाभर मी ह्यांना चेंगट म्हणत होते आणि हे नुसते घाबरले होते.

"चला," मी म्हटलं, "आईंनाही घेऊन जाऊ."

दुकानात बाईंनी दोन डिस्क समोर ठेवल्या. ह्यांनी खिशातला कागद काढायच्या आत सासूबाईंनी धड असलेल्या हाताने एक उचलली आणि लेकाच्या हातात दिली. संपला विषय.

बाईंनी दोन तास खटपट केली. चाळीस गोष्टींतून निघाली एकाच गोष्टीची सुरुवात, तीही जेमतेम. त्यांनी ती लावली. खुर्ची सरकली, कुणीतरी खाकरलं आणि दुकानभर तो खणखणीत आवाज आला, "झालं का रे सुरू? सांगू?"

पुढे काहीच नव्हतं.

हे शेजारी बसलेल्या आईकडे वळले. डोळे भरून आले होते. "हो आई," म्हणाले, "सांग."

सासूबाईंनी ह्यांचा हात मांडीवर ओढून घेतला. ओठ हलायला लागले. आवाज फुटत नव्हता, पण त्या थांबल्या नाहीत, आणि माझा पन्नाशीचा नवरा भर दुकानात "हं... हं..." करत गोष्ट ऐकत राहिला.