तुफानची बदली

तीन महिन्यांच्या नातीचा ताप उतरला, ती आईचा पदर ओढायला लागली, तेव्हा कुठे आजोबांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"पाठीतल्या पाण्यात साल्मोनेला सापडला. मेंदूच्या आवरणाला सूज आली ती त्यानेच. फार क्वचित होतं असं. औषध लागू पडलंय, पण हा जंतू आला कुठून ते कळल्याशिवाय हिला घरी कशी सोडू? पाल, सरडा, कासव, काही पाळलंय का?"

"कासव होतं, तुफान नावाचं," सून म्हणाली. "ही व्हायच्या आधीच बाबांनी मित्राला देऊन टाकलं."

आजोबा छताकडे बघत राहिले. त्यांच्या मांडीवरचा डबा खरखरला.

"डब्यात काय आहे, आजोबा?"

"जेवण."

"चालतंय ते."

झाकण सरकलं आणि तुफानने मान बाहेर काढली.

"बाबा," सून हळूच म्हणाली. तिचं हळू बोलणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"एकटं ठेवलं की जेवत नाही गं ते. माझ्या कपाटातच असतं. आंघोळीपुरतं स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये..."

"जिथे मी बाटल्या धुते?"

"पण ते ठणठणीत आहे. वीस वर्षांत साधी शिंक नाही."

"कासवाला काही होतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते नुसतं जंतू बाळगतं. ते तुमच्या हाताला लागतात, बेसिनला लागतात. तुमचं फार तर पोट बिघडेल. तान्ह्या बाळाला ते झेपत नाही. तपासायला त्याची विष्ठा लागेल."

तुफानने ती डब्यातच करून ठेवली होती. नर्सबाईंनी डबा हातभर लांब धरून नेला.

जंतू तोच निघाला. आजोबांनी एकदा तुफानकडे पाहिलं, एकदा काचेपलीकडच्या नातीकडे, आणि मुकाट्याने बहिणीला फोन लावला. तिच्याकडे लहान मूल नव्हतं, शिस्त मात्र भरपूर होती.

नात घरी आली. आजोबा कोपरापर्यंत हात धुऊनच तिला उचलू लागले.

रविवारी ते तुफानला भेटायला गेले, तर बहिणीने दारातच अडवलं.

"आधी हात धू."

"अगं, आत्ता? हात तर मी जाताना धुणार."

"जाताना बाळासाठी. आत्ता तुफानसाठी. काय सांगावं, तुझ्याकडून त्याला काही लागायचं."