कात्री लावण्याआधी

पार्लरवालीने पर्समधून रुमाल काढला, मुख्याध्यापिकांसमोरची खुर्ची पुसली, रुमालाकडे बघून नाक मुरडलं आणि मगच बसली. खुर्ची स्वच्छच होती. पण आपण इथे हात जोडायला आलेलो नाही, हे समोरच्या बाईला आधीच कळलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

"आत येऊ का, मॅडम?" दारातून लेकीचा आवाज आला.

"ये," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आई आत बसलेली असताना पोरीने दारात परवानगी मागत उभं राहायचं. पार्लरवालीने जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. या शाळेत शिंकतानाही विचारावं लागत असेल.

लेक येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. आठवीतली, उंच, पाठ्यपुस्तक छातीशी धरलेलं. गेला आठवडाभर तिला वर्गाऐवजी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मुलींनी दोन वेण्या घालून त्या काळ्या रिबिनीने वर बांधायच्या, हा शाळेचा नियम, आणि हिचे केस कानाच्या पाळीशी संपलेले. रिबीन सैल होती म्हणून बाईंनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं, आणि त्याच रविवारी आईने घरीच कात्री चालवून रिबिनीचा प्रश्न कायमचा मिटवला. आता सोमवारपासून परीक्षा होती. हिला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, त्यासाठी हे बोलावणं होतं.

पार्लरवाली मात्र मुख्याध्यापिकांचं डोकं बघत होती. मुळाशी बोटभर पांढरे, पुढे घरी फासलेला काळा रंग, त्याचा डाग थेट कानावर. स्वतःचा भांग धड नाही आणि दुसऱ्यांच्या पोरींच्या वेण्या मोजायला बसली आहे. तिला अगदी कीव आली.

"नियम सगळ्यांना सारखा असतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हिला सूट दिली तर उद्या अख्खा वर्ग केस कापून येईल."

"येऊ दे की. डोक्याला जरा हवा लागेल."

"हसण्यावारी नेऊ नका. शाळेत आहे तोवर शाळेचं ऐकावं लागतं. प्रवेश घेताना तुम्ही हे कबूल केलंय."

"मी केलंय, तिने कुठे केलंय? डोकं तिचं, केस तिचे. तिच्या वतीने मी कसं काय कबूल करणार?" पार्लरवाली पुढे सरकली. "बरं, हा नियम आहे कशासाठी, तेवढं सांगा."

"शिस्तीसाठी."

"शिस्त केसांत असते होय? मग तुमच्या शिपायाला टक्कल आहे, त्याला कामावर कसं ठेवलंत?"

दाराशी उभा असलेला शिपाई बाहेर सटकला. लेक हसली नाही. एरवी असल्या बोलण्यावर ती खुदकन हसायची, हे पार्लरवालीच्या लक्षात आलं, पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता.

"माझंही दुकान आहे, मॅडम. नियम काय असतो ते मला शिकवू नका. माझ्याकडे एकच नियम आहे, पण तो का आहे हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल."

तो नियम तिने मोठ्या अक्षरांत लिहून आरशाच्या वर लावला होता. मागे एक नवरा बायकोला घेऊन आला होता. बायको खुर्चीत, आणि हा मागे उभा राहून, इथपर्यंत कापा म्हणून तिच्या मानेवर बोट टेकवत होता. पार्लरवालीने त्याला ती पाटी वाचायला लावली. मोठ्याने. मग दार दाखवलं. सासवा आल्या, आया आल्या, तिने सगळ्यांना तसंच परत पाठवलं. ही गोष्ट ती गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगे की मदतनीस पोरी तिच्याबरोबर ओठ हलवत.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे चोळले. रोज कुणाची ना कुणाची आई येऊन भांडत असणार. त्या थकल्या होत्या, आणि पार्लरवालीला ते लगेच कळलं. आता ही नमणार.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कापलेले केस काही मी चिकटवू शकत नाही. वाढेपर्यंत बसू दे वर्गात. परीक्षाही देऊ दे. पण मला एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय." त्या लेकीकडे वळल्या. "काय गं, नियम पटला नाही म्हणून कापलेस ना केस?"

"नव्हताच पटण्यासारखा," पार्लरवाली म्हणाली.

"मी तिला विचारलं."

लेकीचा हात खांद्यावर गेला, तिथून खाली आला आणि रिकामाच परतला. वेणी पुढे ओढून टोकाशी चाळा करायची तिची जुनी सवय. पार्लरवालीने असा हात दुकानात पाहिला होता. हौसेने केस कापून घेतलेली बाई मानेवर हात फिरवते, आरशात वळूनवळून बघते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कापून घेतलेली बाई केस शोधते.

"मला वेण्या आवडायच्या," लेक म्हणाली. "रिबिनी नाही आवडायच्या. पण वेण्या आवडायच्या."

"मग कापल्यास कशाला?"

लेकीने पुस्तकाचा कोपरा दुमडला. रविवारी ती खुर्चीत बसली होती तेव्हाही दोनदा काहीतरी म्हणाली होती, आणि आई म्हणाली होती, मान हलवू नकोस, वाकडं होईल.

"म्हणजे शाळेचे नियम पाळायला हवेत, असं तुला वाटतं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"सगळेच नाही. चांगला असेल तो पाळायला हवा." लेकीने पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. "आईच्या पार्लरमध्ये आहे तो चांगला आहे."

"कुठला?"

"आई सांगेल ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. खुर्ची पुसताना आईने रुमालाकडे जसं बघितलं होतं, तशी ती आता आईकडे बघत होती.

पार्लरवालीने घसा साफ केला. रोज म्हणून पाठ झालेलं वाक्य होतं ते.

"जिचे केस आहेत," ती म्हणाली, "तिने स्वतः सांगितल्याशिवाय कात्री लावायची नाही."

शेवटचे शब्द पुटपुटल्यासारखेच आले. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, लेकीच्या डोक्याकडे बघितलं, मग आईकडे.

बाहेर तासाची घंटा झाली. ऑफिसातून निघताना जाऊ का असं विचारायचं, हाही शाळेचा एक नियम होता. लेक भिंतीपासून सुटली आणि दाराकडे वळली.

"मी वर्गात जाते," ती म्हणाली. दोघींपैकी कुणालाच तिने विचारलं नाही.