न उघडलेला पियानो

मी अमरावतीच्या शाळेतला जुना पियानो आहे. मित्रांनो, मुलं मला झपाटलेला म्हणतात. खोटं नाही ते, पण हे कसं झालं तेवढं ऐका.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. अकोल्याचे रुईचे व्यापारी खुशालराव यांनी मला विलायतेहून मागवून शाळेला विकलं. इतक्या प्रवासात तारा सैल होतात, पट्ट्या फुगतात. विकणाऱ्यानं आधी मला उघडावं, तारा ताणाव्यात, मगच सोपवावं अशी रीत. खुशालरावांना ठाऊक रुईच्या गाठीची, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्याची, रीत. खोकं तसंच बंद ठेवून ते ऐटीत म्हणाले, "गाठ फोडली का माल जुना झाला. म्या खिळाबी हालू देल्ला नाई."

मला वाजवायचा पहिला मान तानूचा होता. भाजीचा मळा करणाऱ्या नत्थुजींची ही लेक. फळीवर कोळशानं पट्ट्या आखून भगवंत मास्तरांनी तिला शिकवलं होतं. भरल्या सभेत तिनं पट्टी दाबली. पट्टी आतच रुतली आणि मी कण्हलो. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग उन्हाळा तापला. भर दुपारी, रिकाम्या वर्गात, समुद्राच्या हवेनं गंजलेल्या माझ्या तारा आपोआप तुटू लागल्या. गावात बोभाटा झाला. नत्थुजी आले.

"मास्तर, पोरगी उद्यापासून येत नाई. तिच्या हाताले बाधा हाय म्हन्तेत लोकं."

दोष तिच्या हाताचा नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याकडे धड एक सूर नव्हता.

मास्तरांनी पिच्छा पुरवला, तेव्हा वर्षानं खुशालरावांनी मुंबईहून मिस्त्री आणला. आठ दिवसांत मी गोड वाजू लागलो. खुशालराव खाली मान घालून म्हणाले, "हे काम माह्यंच होतं." ते मळ्यात सांगायलाही गेले. तोवर तानू लग्न होऊन मोर्शीला गेली होती.

तेव्हापासून वर्ग रिकामा झाला, की तिची बोटं मला जाणवतात.

एकदा ती माहेरी आली, शाळेच्या दारात थबकली. मास्तर म्हणाले, "ये, वाजव. आता चांगला झालाय."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाई मास्तर. पुन्हा बिघडन."

मित्रांनो, कुणाच्या हाती नवी वस्तू द्याल, तर आधी स्वतः उघडून, वाजवून पाहा. माझ्यासाठी मुंबईहून मिस्त्री आला. तानूसाठी कुणीच आलं नाही.