लोण्याच्या कप्प्यातला रोल

वेलिझारनं न्हाणीघराच्या दाराखालची फट जुन्या टॉवेलनं बुजवली, दिवा मालवला आणि अंधारात कात्रीसाठी हात फिरवला. कात्री साबणदाणीत ठेवलेली होती. ती तिथंच सापडली तेव्हा त्याला उगाचच बरं वाटलं. रोलची डबी उघडायची, फिल्मचं टोक कापायचं, चकरीच्या खाचेत ते बोटांनी अडकवायचं आणि हळूहळू गुंडाळत न्यायचं. हे काम त्यानं उभ्या आयुष्यात इतक्यांदा केलं होतं की त्याला डोळ्यांची गरजच पडत नसे. आज मात्र टोक दोनदा खाचेतून सुटलं.

"बाबा, अजून किती वेळ?" बाहेरून आल्बेनानं विचारलं.

"अंधार केलाय. दार उघडू नकोस."

"उघडत नाहीये. पण या घरात न्हाणीघर एकच आहे, एवढं लक्षात असू दे. मी शेजारच्या कीनाकाकूंकडं जाऊन येऊ का?"

"जा. पण कॉफी पाजल्याशिवाय आणि सगळ्या जिन्याच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकवल्याशिवाय ती सोडायची नाही."

"मग तोवर तुझं होईल," आल्बेना म्हणाली. तिच्या सपाता वाजत गेल्या आणि बाहेरचं दार लागलं.

आल्बेना त्याची एकुलती मुलगी. सोफियाहून ती आदल्या संध्याकाळी आली होती, कारण उद्या नेवेनाला, तिच्या आईला, जाऊन सहा महिने होत होते. स्वयंपाकघरात गहू उकडून फडक्यावर पसरून ठेवलेले होते. उद्या साखर घालून ते दफनभूमीत वाटायचे. बाकी सगळी तयारी झाली होती. राहिला होता फक्त दारावरचा कागद. रुसे गावात माणूस गेलं की त्याचा चेहरा आणि नाव छापलेला कागद जिन्याच्या दारावर, बसथांब्यावर, कोपऱ्यावरच्या झाडावर लागतो. तो चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, सहा महिन्यांनी पुन्हा. येणारेजाणारे थांबून बघतात, हळहळतात आणि भाजी घ्यायला पुढं जातात.

या जिन्यावरच्या निम्म्या मेलेल्यांचे चेहरे वेलिझारच्या न्हाणीघरातून बाहेर पडले होते. पोट त्यानं बंदरावर क्रेन चालवून भरलं, फोटो हा त्याचा नाद होता. पण कुणी गेलं की घरचे लोक त्याच्याकडंच यायचे. 'वेलिझार, आमच्या म्हाताऱ्याचा एखादा बरासा असेल बघ तुझ्याकडं.' आणि तो असायचाच. लग्नातला, अंगणात बॅकगॅमन खेळतानाचा. त्यातला चेहरा मोठा करून, शेजारच्याचा कान कापून, तो सुकवून द्यायचा.

नेवेनाच्या वेळी मात्र त्याचे हातपाय गळाले. घाईघाईत आल्बेनानं ओळखपत्रावरचा फोटो छापणाऱ्याला दिला आणि चाळिसाव्या दिवशीही तोच लागला. त्या फोटोची नेवेनानं स्वतःच जन्मभर टर उडवली होती. 'शेजारणीची कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसते मी,' म्हणायची. आणि तीच कोंबडीचोर नेवेना हिवाळाभर बसथांब्यावर भिजत राहिली. वेलिझार त्या थांब्यावर जाईनासा झाला. या खेपेला कागदावर तिचा चेहरा त्याच्या हातचा लागणार होता, मग काहीही होवो.

चकरी डब्यात बसली. त्यानं झाकण फिरवून घट्ट केलं, दिवा लावला आणि चित्र उमटवणारं औषध, डेव्हलपर, ओतलं.

सकाळी न्याहारीला यावरूनच बापलेकीची जुंपली होती. आल्बेनानं फ्रिजवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला. बाल्चिकच्या समुद्रावर काढलेला, वीसेक वर्षांपूर्वीचा. त्यात नेवेनाचे केस वाऱ्यानं उडालेले होते, एक हात पुढं आलेला होता.

"हा देऊ या. किती छान आहे."

"तोंड उघडं आहे. असला कागदाला चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. आणि हिला ओळखणार कोण? ही बाई आता इथं राहत होती का? लोकांनी शेवटी बघितली तीच दारावर हवी. माझ्याकडं रोल आहे सप्टेंबरचा."

आल्बेनानं पावाचा तुकडा खाली ठेवला. "आजारातला चेहरा लावणार तू? दारोदार?"

"तोच तिचा चेहरा," वेलिझार म्हणाला. "मला तोच आठवतो."

 आल्बेनानं बाल्चिकचा फोटो जिथून काढला तिथं पुन्हा चुंबकाखाली लावला.

रोल सहा महिने फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात पडून होता. वेलिझार रोज लोणी काढायचा, रोज ती छोटी डबी बघायचा आणि कप्पा लावून टाकायचा. धुवायला एक दुपार पुरली असती. पण न धुतलेल्या रोलमध्ये नेवेनाचं अजून काहीतरी बघायचं शिल्लक होतं. एकदा धुतला की तेही संपणार होतं. लोकांना तो हे सांगत नसे. औषधं जुनी झालीत, नवी आणायला हवीत, असं सांगे.

तो न्हाणीच्या टबाच्या काठावर बसला आणि डबा उलटासुलटा करू लागला.

ते सगळे फोटो बाल्कनीतले होते. दिवस मिरच्या भाजायचे होते. खालपासून वरपर्यंत प्रत्येक बाल्कनीत लाल मिरच्या भाजल्या जात होत्या आणि अख्ख्या गल्लीला तोच वास होता. नेवेना इस्पितळातून परत आली होती. डोक्यावर केस उरले नव्हते, गाल आत गेले होते. त्यानं कॅमेरा आणला तेव्हा ती नको म्हणाली.

"हे असलं तोंड कुणाला बघायचंय?"

"मला," तो म्हणाला होता.

मग तिनं वाद घातला नाही. डोक्याचा रुमाल सारखा केला, पाठ ताठ केली आणि त्याच्याकडं बघून हसली. नंतर ऊन बरं पडलं की तो कॅमेरा आणायचा आणि ती तशीच बसायची. 'आला?' ती विचारायची. 'आला,' तो म्हणायचा. 'बरं,' म्हणून ती रुमाल सोडायची.

वेळ झाली. त्यानं डेव्हलपर ओतून दिला, व्हिनेगरचं पाणी फिरवलं आणि उमटलेलं पक्कं करणारा हायपो ओतला. न्हाणीघर आंबट वासानं भरलं. हा वास नेवेनाला सोसायचा नाही. लग्न झाल्यापासून दर शनिवारी तिची आंघोळ याच्या फोटोंसाठी खोळंबली होती. टबावर फळी, फळीवर ताटल्या, कपडे धुवायच्या यंत्रावर फोटो मोठे करायचा एन्लार्जर, आणि धुतलेल्या फिल्मा तिच्या मोज्यांशेजारी चिमट्याला टांगलेल्या. ती कुरकुरायची, पण ताटलीत कोऱ्या कागदावर चेहरा उमटायला लागला की सगळ्यात आधी तीच वाकून ओळखायची.

आणि टोपणाचं कामही तिचंच होतं. वेलिझारचा रशियन कॅमेरा जुन्या घडणीचा. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी काच वेगळी. काचेवरचं काळं टोपण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. फिल्म मात्र कोरी जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला त्यानं अख्खा रोल असा कोरा आणला होता. तेव्हापासून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला की ती ओरडायची, "टोपण!" बारशात, लग्नात, भर चर्चमध्ये पाद्री प्रार्थना म्हणत असतानासुद्धा. गल्लीतली पोरं वेलिझारला 'टोपणकाका' म्हणायची. बाल्चिकचा फोटोही असाच निघालेला. ती ओरडली, यानं टोपण उपटलं आणि तिनं तोंड मिटायच्या आत बटण दाबलं. पुढं पुढं तर त्यानं त्या टोपणाकडं बघणंच सोडून दिलं होतं. ती काळजी त्याची नव्हतीच.

हायपो झाला. त्यानं डब्याचं झाकण काढलं, चकरी सोडवली आणि ओली फिल्म दिव्यासमोर उलगडली.

फिल्म कोरी होती.

काचेसारखी स्वच्छ. त्यानं आणखी उलगडली. पुढंही काही नाही. औषध बिघडलं म्हणावं तर कडेला कारखान्याचे आकडे काळेभोर उमटले होते.  फिल्म पुढं सरकलीच नाही की काय? कॅमेऱ्यातला पडदा अडकला? तो उलगडत गेला, आणि अगदी शेवटी, टोकाजवळ, एक चौकट निघाली. एकच, पण चांगली गडद.

त्यानं भिंग आणलं. चौकटीत एक माणूस होता. मागं बाल्कनीचा कठडा, मिरच्यांची टोपली. माणसाची कॉलर एका बाजूला वळलेली, हात पुढं केलेला. तो स्वतःच होता.

मग त्याला आठवलं. ती म्हणाली होती, "आण इकडं, तुझा एक काढते." तिनं कॅमेरा छातीशी धरला आणि दोन्ही हातांनी पुढं काहीतरी खुडबुड केली. काच पुसत असेल, असं त्याला वाटलं. "सरळ धर, पाडशील," तो म्हणाला होता. "गप. बघ इकडं," ती म्हणाली. परत दिला तेव्हा टोपण लावलेलं होतं. किती जपते, असं मनात आलं होतं त्याच्या.

वेलिझार टबाच्या काठावर बसला. फिल्ममधून त्याच्या विजारीवर पाणी ठिबकत होतं. सबंध सप्टेंबर ती त्या काळ्या टोपणासमोर बसली होती, रुमाल सारखा करून, हसत. आणि एकदाही 'टोपण' म्हणाली नव्हती. त्याला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. दमली असेल, म्हणून बोलत नसेल, असं वाटलं होतं.

त्याला रडू आलं नाही. राग आला.

"अगं, सांगायचं तरी!" तो मोठ्यानं म्हणाला.

पण सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? टोपण काढलं असतं आणि फोटो घेतला असता. एवढाच एक, एवढाच एक, करत मागं लागला असता. 'मला बघायचंय' म्हणाला होता आणि आज तोच चेहरा झाडाझाडावर चिकटवायला निघाला होता. ती त्याला पुरती ओळखून होती. तिनं त्याचा नाद मोडला नाही, त्याचं मनही मोडलं नाही, आणि आपलं तोंडही कुणाच्या हाती लागू दिलं नाही. मग तो बराच वेळ नळ सोडून फिल्म धूत बसला.

फिल्म त्यानं नेवेनाच्या केस वाळवायच्या यंत्रानं वाळवली. लाल दिवा लावला. ती एकुलती चौकट एन्लार्जरमध्ये सरकवली आणि कागदावर मोठी केली. फोटो तिरका होता. खालच्या कोपऱ्यात काहीतरी धुरकट, गोलसर आलं होतं. काचेसमोर तिचं बोट आलेलं. तिच्या हातून नेहमीच यायचं, आणि तो नेहमी कापायचा. सवयीनं त्यानं कागदाची चौकट बोटाच्या आत सरकवली. जरा थांबला. मग ती पुन्हा बाहेर घेतली. अख्ख्या रोलवर तिचं म्हणून तेवढंच होतं.

ताटलीत कागद टाकला. आधी मिरच्या उमटल्या, मग कठडा, मग त्याचा हात आणि वैतागलेला चेहरा. पण डोळे वैतागलेले नव्हते. कॅमेऱ्यामागच्या बाईकडं आपण असे बघत होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आज वाकून ओळखायला शेजारी कुणी नव्हतं.

बाहेरचं दार वाजलं. आल्बेनाच्या सपाता न्हाणीघरापाशी येऊन थांबल्या.

"बाबा, छापणाऱ्याचा फोन आला होता. दुकान बंद करायच्या आत फोटो पाठवा म्हणतोय. झालं का? कीनाकाकूसुद्धा विचारत होत्या, या वेळी तरी नेवेना बरी दिसेल ना म्हणून."

वेलिझारनं प्रिंट हायपोतून काढून धुतला, टॉवेल सरकवला आणि दार उघडलं. तिनं ओला कागद दोन बोटांत धरून उजेडाकडं नेला.

"हा तर तू आहेस."

"तुझ्या आईनं काढलाय. ठेवून दे. माझ्या कागदाला होईल."

"काहीतरी बोलू नकोस." तिनं फोटो जवळ घेतला. "कोपऱ्यात हे काय आलंय?"

"बोट. ते कापू नका."

 "आणि आईचे? तेवढे सगळे काढले होतेस ना?"

"नाही आले." तो हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता. "टोपण लावलेलं होतं."

"प्रत्येक वेळी? असं कसं होईल? आई तर नेहमी—"

ती मध्येच थांबली. वडिलांच्या तोंडाकडं बघितलं, मग हातातल्या फोटोकडं. टबातला नळ अजून सुरू होता. वेलिझारनं मागं वळून तो बंद केला.

"बाल्चिकचा दे त्याला," तो म्हणाला.

"तोंड उघडं आहे म्हणत होतास."

"असू दे उघडं," वेलिझार म्हणाला. "बोलू दे तिला."