तिसरा रंगीत नर

सात तास चालून नासारियो प्रदर्शनाच्या मैदानात पोचला, तेव्हा त्याचे गुडघे त्याच्याशी बोलायचे बंद झाले होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा कॉफीच्या रंगाचा, दाट लोकरीचा अल्पाका, कापुली, मजेत रवंथ करत उभा होता. उद्या आपण नर असू की नसू, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गावच्या सभेचा ठराव असा होता : गिरण्यांना पांढरीच लोकर हवी, तेव्हा गावात पांढरेच नर राहतील. रंगीत तेवढे खच्ची करायचे. प्रदर्शनात फीत मिळवली, तर सूट. अध्यक्ष क्लेमेन्तेने ठराव मांडला आणि सगळ्यांनी हात वर केले. नासारियोनेही केला. सभा चार तास चालली होती आणि त्याला घरी जायचं होतं.

"रंगीत गटात दोनच आलेत," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. "तुमचा आणि या आजींचा. तीन नसले तर गट रद्द."

"मागच्या वर्षीही रद्दच होता," शेजारच्या गावची मेलितोनाआजी म्हणाली. तिचा राखी नर तिच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होता. "मी जेवायला येते."

"आणि हा?"

"तोही जेवायलाच येतो."

नासारियो तिसरा शोधायला निघाला. अल्पाकाहून हातभर उंच असा तपकिरी लामा घेऊन उभ्या असलेल्या एकाला त्याने विचारलं, "दादा, अल्पाकात नाव देता का?"

"अरे, लामा आहे हा!"

"लांबून कळत नाही."

"लांबूनच तर जास्त कळतं!"

तो परत आला, तर टेबलापाशी गलका. अध्यक्ष क्लेमेन्तेचा नामांकित पांढरा नर नखशिखान्त तांबडा होऊन उभा होता. सणाला, प्रदर्शनाला जनावराच्या पाठीवर तांबड्या मातीचा एक पट्टा ओढायची तिकडे रीत. देव प्रसन्न होतो. गेल्या वर्षी एका पट्ट्यावर दुसरा नंबर आला, म्हणून यंदा क्लेमेन्तेच्या बायकोने हिशेब करून अख्खी बादली लावली होती.

"रंगीत," बाईंनी लिहिलं.

"अहो, पांढरा आहे तो! आत्ता धुऊन आणतो."

"ओलं जनावर चालत नाही. नियम सात."

"मग?"

"रंगीत गटात एक जागा आहे."

सहा महिने क्लेमेन्ते गावभर या नराबद्दल बोलत होता. रिकाम्या हाताने परत जाणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने सही केली. मेलितोनाआजी म्हणाली, "या अध्यक्ष, आमच्यात या."

परीक्षक समुद्रकाठचा होता. त्याला इथली डोंगरावरची विरळ हवा बाधली होती. त्यावर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा चहा पीत तो खुर्चीतच बसून राहिला. लोकर हाताने तपासायला उठायचं म्हणजे पडायचं. त्याने दुरूनच तिघांना न्याहाळलं.

"असला विटकरी रंग मी उभ्या जन्मात पाहिला नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. फीत क्लेमेन्तेच्या नराला मिळाली.

नासारियो कापुलीला घेऊन एका ट्रकमागे जाऊन खाली बसला. थोड्या वेळाने क्लेमेन्ते फीत आणि कागद घेऊन तिथेच आला.

"कागदावर विटकरी लिहिलंय रे. म्हणजे माझ्या कळपातली सगळी पिल्लं रंगीत बापाची."

"पण तुमच्याकडे फीत आहे. खच्ची नाही होणार तो."

"सभा हसेल त्याचं काय?" क्लेमेन्तेने फीत त्याच्या मांडीवर टाकली. "घे. नोंदणीत चूक झाली म्हणून सांगतो बाईंना. मी आज इथे आलोच नव्हतो."

नासारियोने फीत खिशात कोंबली. आनंद व्हायला हवा होता. पण आनंदालाही बळ लागतं.

"एक करा, अध्यक्ष. हात घाला."

"कुठे?"

"याच्या लोकरीत. सकाळपासून कुणी घातला नाही."

क्लेमेन्तेने कापुलीच्या कुशीत हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला.

"माझ्या बापाकडे असाच होता एक," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. गिरण्या आल्या."

कापुली पाय दुमडून खाली बसला. हात आतच असल्यामुळे अध्यक्षांनाही बसावं लागलं.